डिझाइन सुचतं कुठून?

‘तुम्हाला डिझाइन सुचतं तरी कसं?’ हा प्रश्न आर्किटेक्टला लग्नकार्यात, प्रवासात, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. कोरा कागद समोर घेऊन बसावं, डोळे मिटावेत आणि वीज चमकावी तशी अख्खी इमारत डोळ्यांपुढे उभी राहावी. या शिक्षणाला येणाऱ्या मुलामुलींच्या मनातही बहुधा हेच चित्र असतं. पंधरा दिवस वीज चमकली नाही, की ती खट्टू होतात. ‘मॅडम, मला काही सुचतच नाही. मी या लाइनला येऊन चूक तर केली नाही ना?’ असं म्हणत दर वर्षी कुणी ना कुणी माझ्या टेबलापाशी येऊन उभं राहतं. हा प्रश्न साधा नाही. त्यामागे आईवडिलांनी भरलेली फी असते, रात्रीची जागरणं असतात आणि ‘आपल्यात काही कमी आहे’ ही आतल्या आत पोखरणारी शंका असते. म्हणून सुचण्याबद्दल आज थोडं सविस्तर बोलावंसं वाटतं.

आधी हे शिक्षण असतं कसं, ते सांगते. वास्तुरचनेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा. बांधकामाचं साहित्य, इमारतींचा इतिहास, हवामान, पाणी-वीज असे विषय असतातच. पण सगळ्याचा कणा म्हणजे डिझाइनचा तास. त्याला आम्ही स्टुडिओ म्हणतो. मुलांना एखादी जागा आणि एखादी गरज दिली जाते. बालवाडी, एसटी स्टँड, छोटं वाचनालय, असं काही. पाच-सहा आठवडे त्यावर काम करायचं, नकाशे आणि मॉडेल बनवायचं आणि शेवटी ज्युरीसमोर उभं राहायचं. भिंतीवर कागद टाचलेले असतात आणि बाहेरून आलेले अनुभवी वास्तुरचनाकार एकेक प्रश्न विचारत असतात. ‘हा दरवाजा इथेच का?’ ‘ही खिडकी पश्चिमेला का?’ या ‘का’ला उत्तर देता देता विद्यार्थी घडतो.

मी हे शिक्षण घेतलं ते १९९०च्या दशकात. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं यांचा तो काळ. मी सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला आले होते. वडिलांचं किराणा दुकान. ‘घर बांधायला पाच वर्षं शिकायचं काय असतंय? आपला गवंडी बांधतोच की,’ असं आमचे काका चारचौघांत म्हणायचे आणि वडील गप्प बसायचे. खरं सांगायचं तर त्यावर उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

पहिल्याच वर्षी आम्हाला एक साधा अभ्यास दिला होता. दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या राहत्या घराची मापं घ्यायची आणि ती कागदावर उतरवायची. माझं घर माळवदाचं. जाड मातीच्या भिंती, वर तुळया, कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. माझी वर्गमैत्रीण कोकणातली. तिचं घर उतरत्या कौलांचं, पुढे लांब पडवी. सुट्टीनंतर आमच्या सरांनी दोन्ही कागद शेजारी लावले आणि वर्गाला विचारलं, ‘एक छप्पर सपाट आणि एक उतरतं. का?’ आम्ही म्हटलं, ‘तशी पद्धत आहे.’ सर म्हणाले, ‘पद्धतीला कारण असतं. ते शोधा.’

कारण आकाशात होतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी छपरावर थांबलं तर घर कुजेल. म्हणून उतार तीव्र, आणि भिंत भिजू नये म्हणून छप्पर पुढे आलेलं. त्या पुढे आलेल्या छपराखाली आपोआप पडवी तयार होते. सोलापूरकडे पाऊस सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण उन्हाळा भाजून काढणारा. तिथे मातीचा जाड थर दिवसभराचं ऊन अडवून धरतो आणि रात्री सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. पावसाचं थोडं पाणी पन्हळीतून खाली येतं. म्हणजे ज्या घरांना कुणी आर्किटेक्ट नव्हता, त्या घरांतही प्रत्येक गोष्टीला विचार होता. तो पिढ्यान् पिढ्या गवंडी-सुतारांनी आणि घरातल्या बायकांनी मिळून केलेला होता.

दुसऱ्या वर्षी सहल अहमदाबादला गेली. शहरापासून जवळच अडालजची वाव आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. १४९९ साली पूर्ण झालेली ही विहीर जमिनीखाली पाच मजले उतरत जाते. आम्ही टेप, खडू आणि पाट्या घेऊन दोन दिवस तिची मापं घेतली. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. एकेक टप्पा उतरावा तसा उजेड मऊ होतो, हवा गार होते, बोलणं आपोआप हळू होतं. पण सौंदर्य ही नंतरची गोष्ट. मूळ अडचण अगदी रोकडी आहे. पावसाळ्यात पाणी वर येतं, उन्हाळ्यात खोल जातं. माणसाला मात्र बारा महिने हंडा भरायचा असतो. म्हणून पायऱ्या. हंडा घेऊन इतकं चढायचं तर दम खायला जागा हवी. म्हणून टप्पे. टप्प्यावर बसायचं तर सावली हवी. म्हणून खांब आणि छत. कोरीवकाम त्यावर आलं. कॅमेऱ्याने हे कळलं नसतं. प्रत्येक पायरीपाशी वाकून टेप धरावी लागली, पाय दुखले, तेव्हा तो टप्पा तिथेच का आहे ते समजलं.

इथे कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी पाहून आजच्या शहरात काय बांधणार? वीस मजली इमारतीला पडवी कशी लावणार? तर ती लावलेली आहे. मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेकडून मिळतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती. राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा ठेवायचा, म्हणजे ऊन-पाऊस बाहेर अडतो आणि वारा आत येतो. कोरियांनी हीच युक्ती उंच इमारतीत नेली आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागेच्या गच्च्या दिल्या. रस्त्यावरून इमारत पाहिली तर जुना बंगला आठवणारही नाही, इतकं तिचं रूप वेगळं आहे. रूप बदललं, कारण तेच राहिलं. प्रेरणा घेणं आणि नक्कल करणं यांतला फरक मला या एका इमारतीने जितका शिकवला, तितका कुठल्या व्याख्यानाने शिकवला नाही.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांचंही असंच. पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करून आलेल्या या माणसाने १९८०च्या सुमारास अहमदाबादमध्ये स्वतःचं कार्यालय बांधलं, ‘संगाथ’. त्याचा काही भाग जमिनीत उतरवलेला, वर अर्धगोल कमानींची छपरं आणि त्यांवर चिनीमातीच्या फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे. पांढरा रंग ऊन परत फेकतो, जमिनीचा गारवा आत राहतो आणि टाकाऊ माल कामी येतो. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

तिसरं नाव लॉरी बेकर यांचं. १९१७ मध्ये इंग्लंडात जन्मलेले बेकर कुष्ठरोग्यांसाठीच्या कामानिमित्त भारतात आले आणि हिमालयात पिठोरागढला सुमारे सोळा वर्षं राहिले. तिथल्या दगड-लाकडाच्या घरांनी आपल्याला नव्याने शिकवलं, असं ते मोकळेपणाने मानत. पुढे केरळात त्यांनी विटांची एक जुनी इंग्लिश पद्धत लोकप्रिय केली. विटा आडव्या न मांडता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे पावपट कमी लागतात आणि ऊन आत यायला वेळ लागतो. गरिबाच्या घराचा खर्च कमी कसा होईल, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांची सगळी रचना त्या प्रश्नातून आली.

या मंडळींची कामं पाहून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. सुचायला आधी अडचण नीट दिसावी लागते. पाचव्या वर्षी त्याची परीक्षा झाली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा विषय निवडून मोठा प्रकल्प करायचा असतो. कुणी विमानतळ घेतं, कुणी पंचतारांकित हॉटेल. मी आमच्या भागातला आठवडी बाजार घेतला. विषय मंजूर करणाऱ्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘यात आर्किटेक्चर कुठे आहे? चार पत्रे टाकले की झालं.’ विषय बदलला नाही तर वर्ष जाऊ शकतं, हेही त्यांनी सुचवलं. घरी वर्ष गेलं असं सांगणं मला परवडणारं नव्हतं. तरी मी एवढंच म्हटलं, ‘सर, मला सहा आठवडे द्या. मग ठरवा.’

सहा आठवडे दर बाजाराच्या दिवशी मी सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसले. दर तासाला नकाशावर कोण कुठे बसलंय ते टिपायचं. दोन-तीन आठवड्यांतच एक गंमत दिसू लागली. सकाळी पालेभाजीवाल्या कडुनिंबांच्या पश्चिमेला बसत आणि दुपारनंतर पूर्वेला सरकत, कारण सावली सरकते आणि उन्हात मेथी अर्ध्या तासात मान टाकते. कांदा-लसूणवाले उन्हातही निवांत. बांगड्यांचा कासार मुद्दाम उजेडात, कारण काचेचा रंग उजेडातच खुलतो. म्हातारी गिऱ्हाइकं खाली वाकायला नको म्हणून शाळेच्या कट्ट्यालगतच्या विक्रेत्यांकडेच जात. आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस त्याच मैदानावर पोरं क्रिकेट खेळत. एका भाजीवाल्या मावशींना मी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला इथं काय पाहिजे?’ त्या म्हणाल्या, ‘पोरी, छप्पर घाल, पण भिंत नको घालू. भिंत आली की गिऱ्हाईक पुढं निघून जातंय.’

माझं डिझाइन या वाक्यातून आणि त्या तासातासाच्या नकाशांतून तयार झालं. एकही झाड न तोडता त्यांच्या रांगेत उंच, भिंती नसलेली छपरं. पालेभाजीसाठी सावलीच्या दोन्ही बाजूंना दीड फुटाचे ओटे, म्हणजे विकणारी आरामात बसेल आणि घेणाऱ्याला कमी वाकावं लागेल. भाजी धुतल्याचं पाणी झाडांच्या मुळांकडे नेणारी पन्हळ. आणि मधलं मैदान पूर्ण मोकळं, एकही खांब नाही. समितीसमोर मी आधी सावल्यांचे नकाशे लावले आणि इमारतीचे मागून. शंका घेणारे ते गृहस्थ बराच वेळ नकाशांसमोर उभे राहिले. त्यांनी प्रश्न पुष्कळ विचारले, पण विषय बदलायला सांगितलं नाही. तो बाजार पुढे प्रत्यक्षात बांधला गेला नाही. पण काकांच्या प्रश्नाला उत्तर मात्र मिळालं. गवंड्याला भिंत कशी बांधायची ते माहीत असतं, आणि ते ज्ञान मोठंच आहे. ती भिंत तिथे हवी का, हे विचारण्यासाठी आणि उत्तर शोधण्यासाठी पाच वर्षं लागतात.

आजच्या विद्यार्थ्यांसमोर वेगळीच अडचण आहे. आम्हाला चित्रं मिळत नसत. त्यांना नको तितकी मिळतात. फोनवर बोट फिरवलं की जगभरच्या इमारती दिसतात. हल्ली तर संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की नवी कोरी इमारत चित्रात उभी राहते. याला माझा विरोध नाही. मीही ते पाहते. पण चित्रात रूप येतं, कारण येत नाही. थंड देशात उबेसाठी आणि उजेडासाठी शोभणारी काचेची भिंत आपल्याकडे पश्चिमेला लावली, की दुपारी पडदे ओढायचे आणि वातानुकूलन यंत्रं चालवायची. बिल मात्र तिथे काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं भरावं लागतं.

म्हणून ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना मी खिशात मावेल एवढी वही आणि एक टेप घ्यायला सांगते. जो जिना चढताना सुखाचा वाटतो, त्याची पायरी मोजा. बहुतेकदा ती सहा इंचांच्या आसपास उंच निघेल. ज्या खिडकीशी आजी दुपारभर बसते, तिची जमिनीपासूनची उंची लिहा. चहाच्या टपरीवर लोक कुठे टेकतात ते पाहा. एकाच जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जा. प्रत्येक नोंदीखाली ‘असं का?’ एवढे दोन शब्द लिहा. वर्षभरात वही भरते आणि मग कोऱ्या कागदाची भीती वाटेनाशी होते. कारण आता कागदासमोर बसणाऱ्याकडे विचारायला प्रश्न असतात.

पालकांनाही एक विनंती. तुमचा मुलगा किंवा मुलगी अभ्यास सोडून एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, नदीच्या घाटावर किंवा भर बाजारात तासन् तास बसून राहत असेल, तर रागावू नका. पाणी आणि डोक्यावर टोपी तेवढी द्या. त्याचा अभ्यास तिथेच चाललेला असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)