जांभळ्या टोपणाच्या नळ्या
मानवी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक आहे म्हटलं की लोकांना भारीच काही वाटतं. चंद्रपूर-गडचिरोलीत या कामाचा अर्थ बहुतेक वेळा सिकलसेल. ऐंशीच्या दशकात राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत हा आजार असल्याचं दाखवून दिलं. चंद्रपूरचं आयसीएमआरचं हिमोग्लोबिन-विकार संशोधन केंद्र रीतसर सुरू व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं.

रक्ताच्या या जांभळ्या टोपणाच्या नळ्यांचा थंड डबा आला की पहिलं काम लेबलं यादीशी ताडून बघायचं. मडावी, आत्राम, उसेंडी ही आडनावं इकडे गावोगाव, त्यामुळे नावावर विसंबून चालत नाही, नंबरच खरा. पावसाळ्यात ओलाव्यानं शाई पसरते. ४ की ९ असा प्रश्न पडला तर अंदाज करायचा नाही. नळी बाजूला ठेवून आशाताईंना फोन. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद, मग दुसरा नमुना मागवायचा तरी कसा?

गावात सॉल्युबिलिटी चाचणी होते. द्रावणात थोडं रक्त टाकतात, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनच जास्त, तिथे सॉल्युबिलिटी चाचणी फसते. डीएनए मात्र वय बघत नाही.

तो काढताना पेशी फोडायच्या, प्रथिनं बाजूला करायची आणि वरच्या स्वच्छ द्रवात थंड अल्कोहोल सोडून नळी हलक्या हातानं उलटसुलट करायची. पिंजलेल्या कापसासारखा पांढरा धागा वर येतो. घाई केली की तुटतो. पुढे पीसीआर करून बीटा ग्लोबिन जनुकाचा हवा तेवढा तुकडा वाढवायचा आणि त्यावर एक विकर सोडायचं. जनुक साधं असेल तर तुकडा ठरल्या जागी कापला जातो. सिकलमध्ये त्या जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ आलेला असतो, म्हणून तो अखंड राहतो. वाहकाच्या रांगेत जेलवर दोन्ही प्रकारचे पट्टे दिसतात. पीसीआर चालू असताना वीज गेली आणि बॅकअप नसला, की सगळं पहिल्यापासून.

जुलै २०२३मध्ये शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं. तपासणी होते हो. माझं मत विचाराल तर अडतं पुढे. ‘एएस’, म्हणजे वाहक, असं लिहिलेला कागद हातात पडतो, पण तो समजावून सांगायला कुणी बसत नाही. वाहकाला सहसा त्रासही नसतो आणि औषधही लागत नाही. तरी माणूस गोळ्या मागत फिरतो, नाहीतर घरचे पोरीचा रिपोर्ट लपवतात.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये कसलाच दोष नसेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. म्हणून लग्न ठरवण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत.