बॅटरीआधी जोड तपासा

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड भाविकांची मोठी जत्रा भरते. शेजारच्या राज्यांतूनही माणसे येतात. अशा जत्रेच्या मुक्कामी थंड पहाटे मोटारसायकल स्टार्टर दाबल्यावर नुसती ‘टिक’ करून गप्प बसली, की निदान ठरलेलेच: बॅटरी गेली!

अनेकदा ती ठणठणीत असते. दोष असतो व्होल्टेज ड्रॉपचा (सैल किंवा गंजलेल्या जोडावर वाया जाणारा विद्युतदाब). टाकी भरलेली असूनही पाइपात गाळ साचला, तर नळाला धार येत नाही, तसेच हे. दिवा लागतो म्हणजे वायरिंग ठीक, असेही नाही. दिव्याला थोडा प्रवाह पुरतो, स्टार्टर मोटरला कितीतरी पट जास्त लागतो.

तपासणी सोपी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावावी आणि स्टार्टर दाबावा. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंगचा जोड खराब. टोकांवरचा पांढरा-हिरवट थर घासून बोल्ट आवळला, की बहुधा काम भागते.

जोड स्वच्छ असूनही स्टार्टर दाबताच बॅटरीचा दाब 9.5 व्होल्टखाली घसरला, तर मात्र ती चार्ज करून पुन्हा तपासावी; तरीही तेच दिसले, तर बदलावी.