राख, अंगठी आणि जपानमधली रिळं

ड्रॅक्युलाचा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तो ऐंशीच्या दशकात, नाक्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. कॉपीवरून कॉपी काढलेली कॅसेट होती ती. लाल रंग शेंदरी झालेला, खाली मुंग्यांची पट्टी, ट्रॅकिंग कितीही फिरवलं तरी चित्र थरथरणारं. तरी आम्ही पाच-सहा जण श्वास रोखून बसलो होतो. पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग लांबलचक जेवणाच्या टेबलावरून धावत जातो, खिडकीच्या जाड पडद्यावर झेप घेतो, पडदा फाटून खाली येतो आणि ऊन आत घुसतं. मग दोन मेणबत्तीदानं एकमेकांवर आडवी धरून तो क्रूस करतो आणि ख्रिस्टोफर लीच्या ड्रॅक्युलाला त्या उन्हात रेटतो. आधी पाऊल, मग हात, मग चेहरा. सगळ्याची राख होत असतानाच चित्राने एक बारीकशी उडी मारली. टेप घासली असणार, असं आम्ही म्हटलं. ती उडी टेपची नव्हती. कात्री १९५८ साली लंडनच्या सेन्सॉरकडे लागली होती, हे कळायला मला कित्येक वर्षं लागली, आणि कापलेला तुकडा डोळ्यांनी बघायला त्याहून जास्त.

हा सिनेमा हॅमर कंपनीचा. १९३४ साली स्थापन झालेली ही छोटी संस्था पन्नासच्या दशकात लंडनबाहेर, थेम्सकाठच्या ब्रे गावाजवळ एका जुन्या वाड्यात जाऊन बसली आणि त्या वाड्याचाच स्टुडिओ झाला. ब्रिटनमध्ये १९५१ साली फक्त मोठ्यांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र आलं. बाकीचे निर्माते त्यापासून लांब पळत होते. हॅमरने १९५५ साली ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ काढला आणि नावातलाच एक्स ठळक करून पोस्टरवर मिरवला. दोन वर्षांनी ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आला, रंगीत. खर्च सुमारे ६५,००० पौंड. पुढच्या वर्षीच्या ‘ड्रॅक्युला’चा सुमारे ८१,०००. त्या काळच्या हिशेबातही ही रक्कम किरकोळच.

पैसा नव्हता, पण माणसं होती. बर्नार्ड रॉबिन्सन हे नेपथ्यकार एकच दालन रंग बदलून, खांब हलवून, जिना फिरवून चार सिनेमांत चार वाडे म्हणून उभं करत. १९६६ सालचे ‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’ आणि ‘द रेप्टाइल’ लागोपाठ पाहिले तर दोन्हीकडे गाव तेच आहे हे लक्षात येतं, कारण सेट एकदाच उभा केला होता. कॅमेरामन जॅक अ‍ॅशर भिंतीच्या कोपऱ्यात जांभळा, हिरवा, पिवळसर प्रकाश टाकत. त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडातली साधी खोलीही श्रीमंत दिसे. पुढे ते फार वेळ घेतात म्हणून कंपनीने त्यांना बाजूला केलं, आणि त्यानंतरच्या हॅमरपटांत ती झळाळी परत आली नाही असं माझं मत आहे. संगीतकार जेम्स बर्नार्ड यांनी ‘ड्रॅ-क्यु-ला’ या तीन अक्षरांवरच मुख्य धून बांधली. एकदा ऐकली की ऑर्केस्ट्रा ते नाव घेतोय असंच वाटत राहतं.

आणि कुशिंग. या माणसाबद्दल लिहिताना मला हात आखडता घेता येत नाही. समोर रबरी वटवाघूळ असो की रंगवलेलं पुठ्ठ्याचं थडगं, त्यांच्या चेहऱ्यावर कधीही ‘हे काय खरं नाही’ असा भाव आला नाही. मेणबत्तीदानांचा क्रूस ही त्यांचीच सूचना. हातात सतत काहीतरी असे, चष्मा, भिंग, पाकीट, पेन, आणि त्या वस्तूंतून ते पात्र उभं करत. ली यांची गंमत उलटी. ‘ड्रॅक्युला’त सुरुवातीच्या प्रसंगांतच त्यांना संवाद आहेत, पुढे सगळं काम सहा फूट पाच इंचांच्या देहाने आणि नजरेने केलेलं. कुशिंगचा जन्म २६ मेचा, लींचा २७ मेचा. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे बाहेर जन्मभराचे मित्र होते.

समीक्षकांनी मात्र झोडपलं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये सी. ए. लेजून यांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’ची गणना आपण पाहिलेल्या सर्वांत किळसवाण्या सिनेमांत केली. पुढे किळस ओसरली आणि तिच्या जागी हसू आलं. ‘कॅम्प’ हा शब्द या सिनेमांना चिकटला तो तेव्हा. मराठीत त्याला भडक म्हणावं, बटबटीत म्हणावं, अतिरंजित म्हणावं, तरी त्यातला लाडिकपणा सुटतोच. मला तो शब्द नकोसा नाही. फक्त भडकपणा आणि बेपर्वाई एक नव्हेत. आपल्याकडे दशावतारात राक्षस रंगाने थापलेला चेहरा घेऊन गरजत येतो तेव्हा तो खोटा वाटत नाही, कारण नट तो राक्षस मनापासून उभा करतो. हॅमरचं तसंच होतं.

सगळंच जमलं असं नाही. १९५९ सालचा ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ ठगांवरचा. ठगांचा मुलूख मध्य हिंदुस्थानातला, पण शीर्षकात मुंबई, चित्रीकरण थेम्सकाठी आणि कालीचा पुजारी झालेला जॉर्ज पास्टेल सायप्रसचा. मराठी माणसाने तो पाहावा, पण तिथली मुंबई शोधायला जाऊ नये. ‘ड्रॅक्युला ए.डी. १९७२’मध्ये ड्रॅक्युला थेट आधुनिक लंडनमध्ये उगवतो आणि पडक्या चर्चच्या बाहेर पाऊलच टाकत नाही. एवढं शहर समोर असताना ते न वापरणं ही मला त्या मालिकेतली सर्वांत मोठी चूक वाटते.

हॅमरच्या वाटेने इतरही आले. मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकनांची अ‍ॅमिकस कंपनी चार-पाच गोष्टींची माळ करून सिनेमा काढी. त्यातला ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ (१९७२) मी आजही मधूनच काढून बघतो. जानेवारी १९७१ मध्ये कुशिंगची पत्नी हेलन वारली. त्याच वर्षी त्यांनी या सिनेमातला ग्रिम्सडाइक केला, गल्लीतल्या पोरांना खेळणी देणारा, बायकोच्या फोटोशी बोलणारा म्हातारा विधुर. आधी त्यांना दुसरी भूमिका देऊ केली होती. ही त्यांनी मागून घेतली. शेजारी त्याला निनावी, विखारी शुभेच्छापत्रं पाठवतात आणि तो ती एकेक करून उघडतो. त्या प्रसंगात कुशिंगच्या डोळ्यांत जे आहे ते कुठल्याही मोठ्या पुरस्काराच्या सिनेमात शोभलं असतं. पुढे तो थडग्यातून उठतो, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या घेऊन. ते बघताना थिएटरात कुणी हसलं असेल तर त्याने आधीची दहा मिनिटं पाहिली नसावीत.

‘थिएटर ऑफ ब्लड’मध्ये (१९७३) व्हिन्सेंट प्राइस शेक्सपिअरचा अपमानित नट होतो आणि आपल्या समीक्षकांना एकेका नाटकातल्या मृत्यूने मारतो. त्याच वर्षीच्या ‘सायकोमेनिया’त मोटारसायकलवरून हिंडणारी टोळी मरून परत येते आणि पुढारी, बाइकवर बसवूनच पुरलेला, थडग्यातून गाडी काढत सुसाट बाहेर पडतो. जॉर्ज सँडर्स यांचा हा शेवटचा सिनेमा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे दुकान बसलं होतं. मग व्हीसीआर घरात आला. आधी बीबीसी २ वर उन्हाळ्यात रात्री उशिरा लागोपाठ दोन भयपट दाखवत, तेवढ्यावर चाहत्यांना तहान भागवावी लागे. आता हवा तो प्रसंग हवा तेव्हा थांबवता येऊ लागला. पण ब्रिटनमध्ये त्याच वेळी ‘व्हिडिओ नॅस्टीज’चा गदारोळ उठला. सरकारी वकिलांच्या यादीत वेळोवेळी मिळून ७२ सिनेमे गेले आणि १९८४ च्या कायद्याने प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हॅमरचे जुने सिनेमे त्या यादीत नव्हते, पण प्रमाणपत्राला पैसे लागत आणि जुन्या सिनेमासाठी ते खर्चायला छोटे वितरक तयार नसत.

कॅसेटच्या काळाने सिनेमे जगवले तसे बिघडवलेही. मायकेल रीव्ह्जचा ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८) घ्या. हा दिग्दर्शक पंचविसाव्या वर्षी गेला, मागे हा सिनेमा ठेवून. अमेरिकेत त्याची कॅसेट निघाली तेव्हा हक्कांच्या भानगडीत पॉल फेरिस यांचं मूळ संगीत काढून त्या जागी सिंथेसायझर घातला. सतराव्या शतकातलं इंग्लंड, घोडे, ओली हिरवळ आणि वर कीबोर्डचा आवाज. एका पिढीने तो सिनेमा असाच ऐकला. मूळ संगीत तिथल्या डीव्हीडीवर २००७ साली परत आलं.

‘द विकर मॅन’ची (१९७३) कथा याहून विलक्षण. ब्रिटिश लायन कंपनीने तो कापून दीड तासाच्या आत आणला आणि ‘डोंट लुक नाऊ’बरोबर दुय्यम सिनेमा म्हणून लावला. ज्या सिनेमासाठी लींनी मानधन घेतलं नव्हतं त्याचं मूळ निगेटिव्ह हरवलं. ते महामार्गाच्या भरावात गाडलं गेलं अशी दंतकथा आहे. लांब प्रत वाचली ती अमेरिकेतल्या रॉजर कॉर्मन यांच्याकडे पाहण्यासाठी धाडलेल्या प्रिंटमुळे. २००१ च्या डीव्हीडीत परत जोडलेले प्रसंग व्हिडिओ टेपवरून घेतलेले होते, म्हणून ते सुरू झाले की चित्र एकदम मऊ, फिकट होई. अनेकांना ते खटकायचं. मला ती जोडणी आवडे, सांधा दिसे म्हणून. २०१३ साली हार्वर्डच्या संग्रहात सापडलेल्या प्रिंटवरून दिग्दर्शक रॉबिन हार्डी यांच्या संमतीची प्रत निघाली.

इकडे आपल्याकडेही हॅमरची सावली पडलीच होती. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरात चित्रित केला, तोही असाच हात राखून खर्च करत, अख्खं कुटुंब राबवून. त्यांच्या ‘बंद दरवाज़ा’तला (१९९०) उंच, काळ्या झग्यातला पिशाच कुठून आला हे सांगायला नको. त्या सिनेमांच्या चांगल्या प्रतींसाठी असंच कुणी हट्टाला पेटावं असं मला फार वाटतं.

आता त्या उडीकडे येतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००७ साली ‘ड्रॅक्युला’ स्वच्छ केला, तरी राख होतानाचा तुकडा नव्हताच. जपानला गेलेली प्रत जास्त मोकळी होती ही चाहत्यांमधली जुनी चर्चा. २०११ साली टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म केंद्रात एका चाहत्याच्या पाठपुराव्याने ती रिळं उजेडात आली. १९८४ साली, म्हणजे ब्रिटनमध्ये तो कायदा झाला त्याच साली, या केंद्राला आग लागली होती. ‘ड्रॅक्युला’ची पहिली पाच रिळं त्यात गेली, शेवटची चार तेवढी उरली, तीही डागाळलेली. पण शेवट शेवटच्या रिळात असतो. हॅमरने २०१२ साली ते प्रसंग जोडून घेतले आणि २०१३ च्या मार्चमध्ये ब्लू-रे आली. तिच्या निळसर रंगछटेवरून वाद झाला आणि तक्रार करणाऱ्यांची बाजू मला पटते, अ‍ॅशर यांचा प्रकाश असा थंड नव्हता. पण जपानी रिळं जशीच्या तशी, ओरखड्यांसकट वेगळी दिली होती हे उत्तम केलं.

मी ती ब्लू-रे रात्री एकट्याने लावली. टेबलावरची धाव, झेप, पडदा, ऊन, दोन मेणबत्तीदानं. पाऊल गेलं, हात गेला. ड्रॅक्युलाने उरलेला हात चेहऱ्याशी नेला आणि बोटं गालावरून खाली ओढली, तशी कातडी ओल्या मातीसारखी सुटून बोटांबरोबर आली. चित्राने उडी मारली नाही. मग वारा सुटला, फरशीवरच्या राशीचक्रावरून राख हळूहळू सरकत गेली, आणि अंगठी तिथेच पडून राहिली.