माशांच्या टाकीचा फिल्टर : आत काय भरावे?



मुलांच्या हौसेखातर आता आपल्या वाड्यावस्त्यांवरही काचेच्या टाकीत मासे पाळलेले दिसतात. आमच्या घरीही आहेत. मागच्या उन्हाळ्यात फिल्टर तुंबला म्हणून मी त्यातले सगळे सामान नळाखाली चोळून लख्ख धुतले. पाणी आरशासारखे झाले. पण चौथ्या दिवशी सकाळी चार गोल्डफिश मरून तरंगत होते! धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चूक उमगली तेव्हा वाटले, अरे, हे तर आपल्याला शेतात ठाऊकच होते. उसाला दिलेल्या युरियाचा जमिनीत अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचे नायट्राइट व शेवटी नायट्रेट करतात. टाकीतही तेच घडते. मासे अमोनिया टाकतात, उरलेले खाद्य कुजूनही तो होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना तो विषच. नायट्राइटही तसेच. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे काम करणारे जिवाणू फिल्टरमधल्या सामानावर वस्ती करतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने मी ती वस्तीच मोडली होती.

तेव्हा सामान निवडताना प्रत्येकाचे काम ओळखावे.

स्पंज : गाळ अडवतो, जिवाणूंनाही जागा देतो. लहान टाकीला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज-फिल्टर पुरतो.

सिरॅमिकच्या रिंगा : बारीक छिद्रांमुळे जिवाणूंना भरपूर जागा. मोठ्या टाकीला अवश्य घ्याव्यात. गाळाने छिद्रे बुजू नयेत म्हणून पाणी आधी स्पंजातून, मग रिंगांतून जावे.

सक्रिय कोळसा : पाण्याचा रंग, वास आणि औषधाचा उरलेला अंश शोषतो, अमोनिया मात्र काढत नाही. काही आठवड्यांत त्याची ताकद संपते. कायम हवाच असे नाही. माशांना औषध चालू असताना काढून ठेवावा, नाहीतर औषधच शोषले जाते.

ओढ्याची खडी : चालते, पण आधी खड्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे, म्हणजे पाणी आणखी जड होणार. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचे पाणी आधीच जड असते.

नव्या टाकीत जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत, खाद्यही बेताने. शेजाऱ्याच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंजाचा तुकडा मिळाला तर उत्तम. दुधाला विरजण लावावे तसा तो उपयोगी पडतो.

धुताना टाकीतलेच थोडे पाणी बादलीत काढून त्यात सामान हलके खळबळावे. सगळे एकदम कधीच धुऊ नये. आज स्पंज, तर रिंगा महिन्याने. आणि भारनियमनाचे ध्यान ठेवावे. वीज गेली की पाणी थांबते, प्राणवायूविना जिवाणू मरू लागतात. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल तर आतले साचलेले पाणी फेकून, सामान टाकीच्या पाण्यात खळबळून मगच तो सुरू करावा.

टाकीतून काढलेले पाणी गटारात ओतू नका. परसातल्या भाजीला घाला. त्यात नायट्रेट असते, आणि त्याचे मोल ऊसवाल्याला काय सांगावे?