नाकारलेल्या लेखांचा हिशेब

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग पारखणारा माणूस वरच्या चकचकीत फळांवर भाव ठरवीत नाही. हात घालून खालची फळे वर काढतो. वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकाचा संपादक याहून फारसे निराळे करीत नाही. आलेला लेख तो त्या विषयातील जाणकारांकडे धाडतो. रोगी किती होते, तुलना कोणाशी केली, पैसा कोणी पुरविला, हे ते विचारतात. आणि हे काम बहुधा बिनमोबदला करतात.

ही पारख चुकली की काय होते? लंडनच्या ‘लॅन्सेट’ने १९९८ साली अवघ्या १२ मुलांवरील एक लेख छापला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने मुले स्वमग्न होतात, अशी भीती त्यावरून पसरली आणि कित्येक आईबापांनी लस टाळली. लसउत्पादकांविरुद्ध लढणाऱ्या वकिलांचा पैसा मुख्य लेखकाला मिळाला होता, हे २००४ साली उघड झाले. लेख रद्द व्हायला मात्र २०१० उजाडले.

आपल्याकडे मुंबईत, मेंदूचे शल्यविशारद डॉ. सुनील पंड्या व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली वैद्यकीय नीतीला वाहिलेले एक लहानसे पत्र काढले. तेच पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ झाले. संपादक बदलले, पत्र टिकले. आम्हांस पहिल्या संपादकाचे यश यातच दिसते.

पायउतार होणाऱ्या संपादकाला छापलेल्या अंकांचा मान मिळतो. नाकारलेल्या लेखांचा हिशेब कोणी मागत नाही, आणि गोपनीयतेमुळे त्यालाही तो सांगता येत नाही. छापून गेलेल्या लेखांविरुद्धच्या तक्रारींची फाइल मात्र त्याने नव्या संपादकाच्या हाती सर्वांत आधी द्यावी, असे आम्हांस वाटते.