टेपने मोजलेली नस

"काकू, हात सैल सोडा. तुम्ही काही करू नका, अंगठा आपोआप उडेल," टेक्निशियन म्हणाली आणि अंगठा खरोखरच उडाला. आपलाच अंगठा आपल्याला न विचारता हलतो, हे बघताना जरा अपमान झाल्यासारखं वाटतं.

रात्री दोनला बोटांना मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की बरं वाटायचं. घरच्यांचं निदान तयार होतं, नस दबली! आपल्याकडे रक्त काढायला शोधतात ती नस, पोटरीत चढते ती नस आणि दबते तीही नसच. शाळेत मार्कांसाठी काढलेली चेतापेशीची आकृती मला आठवत होती. एका टोकाला फांद्या, मध्ये पेशीकाय, पुढे शेपटासारखा लांब अक्षतंतू. तिचा या नसेशी काही संबंध असेल, हे मात्र एनसीव्हीच्या, म्हणजे नसेतल्या संदेशाचा वेग मोजण्याच्या, खोलीत शिरेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं.

खोली लहानच. पलंग, संगणक, स्पिरिटचा वास आणि शिंप्याकडे असते तशी टेप. तिने आधी माझ्या तळहाताला हात लावून पाहिला, "थंड आहे" म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी दिली. कातडी एका अंशाने गार झाली तरी संदेशाचा वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने उतरतो. एसीत गारठलेला धडधाकट माणूसही कागदावर आजारी दिसू शकतो.

मग अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर चकती चिकटवली आणि मनगटावर दोन टोकांचं यंत्र टेकवून झटका दिला. पडद्यावर एक डोंगर उमटला. तसाच झटका कोपराशी दिल्यावर दुसरा डोंगर उमटला, किंचित उशिरा. दोन जागांमधलं अंतर टेपने 22 सेंटिमीटर भरलं आणि दोन डोंगरांच्या सुरुवातीत फरक 4 मिलिसेकंदांचा. म्हणजे सेकंदाला 55 मीटर. शाळकरी गणित! हेल्महोल्ट्झने 1850 साली बेडकाच्या नसेवर असंच गणित मांडलं तेव्हा वेग सेकंदाला 27 मीटरच्या आसपास आला होता. त्याचे गुरू म्यूलर तर हा वेग मोजता येणारच नाही असं मानत.

माझी कोपर ते मनगट वाट मोकळी होती. मनगट ते अंगठा या वितभराहून कमी अंतराला मात्र 4.9 मिलिसेकंद लागले. तिथे चारच्या थोडं वर गेलं तरी डॉक्टरांच्या भुवया चढतात. घरचं निदान बरोबर निघालं, फक्त जागा कळली.

पण दबल्यावर वेग का पडतो? कारण हा वेग नसेतल्या एकट्या अक्षतंतूचा नसतोच. हातापायांतल्या जाड तंतूंवर श्वान पेशी सुरळीच्या वडीसारख्या गुंडाळलेल्या असतात. एक पेशी एकाच तंतूचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा गुंडाळते, मग बारीकशी उघडी फट आणि पुढे दुसरी वडी. संदेश फटीफटींतून उड्या मारत जातो. दाबाखाली आधी बिघडते ती ही गुंडाळी. मेंदूत आणि मज्जारज्जूत हेच काम वेगळी पेशी करते, ऑलिगोडेंड्रोसाइट. ती एकाच वेळी अनेक तंतूंना आपले हात गुंडाळते. आकृतीत चेतापेशी मधोमध मोठी काढायची आणि या सोबतिणींना कोपऱ्यात बसवायचं, हा आपला जुना अन्याय आहे.

डोंगर उशिरा आला तर गुंडाळीचा बिघाड, डोंगरच बुटका झाला तर आतल्या तंतूची झीज. वाचनाचं ढोबळ सूत्र एवढंच. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले, तेव्हा शरीराची संरक्षणयंत्रणा गुंडाळीवर हल्ला करते आहे की थेट तंतूवर, हे याच तपासणीतून पाहायचं होतं. कुष्ठरोगाचा जंतू तर श्वान पेशीतच घर करतो. म्हणूनच डॉक्टर कोपरामागची नस चाचपून ती जाड झाली आहे का पाहतात.

माझ्यानंतर एक बाई आल्या, पाऊल बधिर झालेल्या. घोट्यामागची संवेदना वाहणारी नस तपासली तर आलेख अगदी छान. मला वाटलं, यंत्र चुकलं. टेक्निशियनने माझ्या कागदावर पेनने चित्रच काढलं. स्नायू हलवणाऱ्या पेशीचं घर मज्जारज्जूच्या आत, पण संवेदना आणणाऱ्या पेशीचं घर मज्जारज्जूबाहेर, मणक्याशेजारच्या गाठीत. कमरेतल्या सरकलेल्या चकतीने गाठीच्या अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला, नसेचं मूळ दाबलं तर मेंदूला निरोप पोचत नाही, पण गाठीतल्या पेशीपासून पायापर्यंतचा तंतू शाबूत राहतो. म्हणजे छान आलेख हाच पुरावा की दोष वर आहे.

शेवटचे एक काका, मधुमेही. रात्री तळपाय भाजतात म्हणून आलेले. रिपोर्ट नॉर्मल आला आणि ते चिडले, "म्हणजे मी खोटं बोलतो का?" खोटं नव्हतंच. आग आणि उष्णता वाहून नेणारे तंतू सर्वांत बारीक असतात. त्यांतले बरेच वेष्टनाविना, सेकंदाला मीटर-दोन मीटर चालणारे. हे यंत्र जाड, वेगवान तंतूंचंच ऐकतं. "काका, मशीनला ऐकू येत नाही, म्हणून दुखत नाही असं नाही," ती म्हणाली. त्या खोलीत ऐकलेलं सर्वांत शहाणं वाक्य हेच.

तुम्हाला ही तपासणी सांगितली असेल, तर त्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका. संवेदनेच्या नसेचा संकेत काही मायक्रोव्होल्टचाच असतो आणि तेलकट कातडीवर तो गोंगाटात हरवतो. आणि पेसमेकर असेल तर पलंगावर आडवं होण्याआधीच सांगा.