पितळेची सुरई आणि रोजाची कल्हई

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. वैनगंगेत आणि मामा तलावांत जाळे टाकणारे ढिवर बांधवही याच जिल्ह्यातले. त्यामुळे ‘अलिफ लैला’तली कोळी आणि जिनची गोष्ट इथे परकी वाटू नये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली, तेव्हापासून मराठी घरांनाही ती ठाऊक आहे.

एक गरीब कोळी दिवसातून चारदाच जाळे टाकतो. पहिल्यांदा मेलेले गाढव, मग चिखलाने भरलेले मडके, मग खापऱ्या आणि काचा. चौथ्या वेळी हाती येते पितळेची सुरई; तोंड शिशाने बंद, वर हजरत सुलेमान यांची मोहर. झाकण काढताच धूर निघतो आणि धुराचा जिन होतो. पहिली शंभर वर्षे त्याने ठरवले होते, जो सोडवील त्याला श्रीमंत करीन. पुढची शंभर वर्षे, त्याला जमिनीतले खजिने देईन. कोणीच आले नाही. शेवटी राग एवढा साचला की सोडवणाऱ्यालाच मारायची शपथ त्याने घेतली. कोळी युक्तीने त्याला पुन्हा आत घालतो, ते वेगळे.

सुरईची ही गोष्ट लोककथेतली. कुरआनात मात्र हजरत सुलेमान यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहता केल्याचा आणि साखळ्यांत जखडलेल्या जिनांचा उल्लेख आहे. रमजानमध्ये सैतान जखडले जातात, असे हदीस सांगते. मग या महिन्यातही भांडणे का होतात? उलेमांचे एक उत्तर असे की सैतान बांधला तरी माणसाचा नफ्स, म्हणजे आतली हाव आणि राग, मोकळाच असतो.

त्याला नुसते कोंडून भागत नाही, हे जिनची गोष्ट सांगते. दिवसभर उपाशी राहून मनात राग धरला, तर इफ्तारला झाकण उघडताच तो घरच्यांवरच निघतो. म्हणूनच खोटे बोलणे न सोडणाऱ्याने अन्नपाणी सोडावे, याची अल्लाहला गरज नाही, असे पैगंबरांनी बजावले. कोणी भांडायला आलाच, तर ‘मी रोजा आहे’ एवढेच म्हणावे, असेही सांगितले.

पितळेच्या गंजात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. त्यावर झाकण घट्ट लावणे हा उपाय नव्हे. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाची कल्हई आतून करावी लागते. ती झिजते, म्हणून पुन्हा करावी लागते. रमजानही दरवर्षी येतो तो यासाठीच. ज्या भावाशी, ज्या शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, त्याच्याकडे ईदच्या आधीच जाऊन यावे. मग ईदची गळाभेट नुसती रीत उरत नाही.